सख्खी बहीण छळछावणीतून वाचली, तरी न्यूयॉर्कच्या महापौरांनी तिला रांगेतच उभं ठेवलं

१९३४ सालची गोष्ट. एक प्रवासी विमान न्यूअर्कच्या धावपट्टीवर उतरलं. प्रवासी सामान घेऊन उतरायला लागले. पण एक बुटका, जाडसर माणूस सीटवरून हलायला तयार नाही.

त्याचं म्हणणं साधं होतं. तिकिटावर न्यूयॉर्क लिहिलंय आणि न्यूअर्क म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. ते तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात येतं. पैसे न्यूयॉर्कचे घेतलेत, तर न्यूयॉर्कलाच सोडा.

शेवटी विमान कंपनीने हात टेकले. विमान पुन्हा उडालं आणि या गृहस्थांना घेऊन ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट फील्डवर उतरलं.

हे गृहस्थ होते न्यूयॉर्कचे महापौर, फिओरेलो ला ग्वार्डिया. पुढच्या पाच वर्षांत शहराच्या हद्दीत, क्वीन्स भागात नवा मोठा विमानतळ उभा राहिला. न्यूयॉर्कला जाऊन आलेले लोक ज्याला लाग्वार्डिया एअरपोर्ट म्हणतात, तो हाच.

हा किस्सा एका हट्टी महापौराची गंमत म्हणून सांगितला जातो. पण या माणसाच्या आयुष्यात हाच हट्ट पुन्हा पुन्हा दिसतो. कागदावर जे लिहिलंय ते पाळा, आणि सगळ्यांसाठी सारखंच पाळा. या हट्टाने त्यांना मोठं केलं. याच हट्टाची किंमत त्यांच्या सख्ख्या बहिणीने मोजली. आणि जिथे त्यांनी स्वतःच हा हट्ट सोडला, तिथे त्यांच्या नावाला डाग लागला.

म्हणूनच हा माणूस समजून घेण्यासारखा आहे.

बँडमास्तरचा पोरगा

फिओरेलोचा जन्म ११ डिसेंबर १८८२ चा, न्यूयॉर्कमधल्या ग्रीनिच व्हिलेजचा. इटालियन भाषेत फिओरेलो म्हणजे छोटं फूल. पुढे लोकांनी हेच टोपणनाव त्यांना चिकटवलं.

वडील अकिले हे इटलीतून आलेले संगीतकार. आई आयरीन ही ट्रिएस्टच्या ज्यू घराण्यातली. ट्रिएस्ट तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घरात थोरली बहीण जेम्मा आणि धाकटा भाऊ रिचर्ड.

वडील अमेरिकी लष्करात बँडमास्तर झाले आणि कुटुंबाचं बिऱ्हाड एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरायला लागलं. फिओरेलोचं बरंचसं बालपण ॲरिझोनात गेलं. तिथे एकदा गावात माकडवाला आला. पेटी वाजवून माकड नाचवणारा हा माणूस होता इटालियन. झालं, बाकीच्या पोरांनी फिओरेलोला चिडवायला सुरुवात केली, तुझं माकड कुठंय म्हणून. हे चिडवणं तो आयुष्यभर विसरला नाही.

दुसरी आठवण याहून वाईट. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध पेटलं. ठेकेदारांनी सैन्याला सडकं मांस पुरवलं आणि ते खाऊन अनेक सैनिक आजारी पडले. फिओरेलोचे वडीलही त्यातलेच. त्यांना लष्करातून निघावं लागलं आणि काही वर्षांत ते गेले. वडिलांचा जीव या खराब मांसानेच घेतला, असं फिओरेलो कायम मानत राहिले. पुढे संसदेत गेल्यावर त्यांनी जे पहिलं विधेयक मांडलं, ते युद्धकाळात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्यांना जबर शिक्षा देण्याचं होतं.

बंदरावरचा पोरसवदा अधिकारी

लष्कर सुटल्यावर कुटुंब आईच्या माहेरी, ट्रिएस्टला आलं. फिओरेलोला अमेरिकेच्या वकिलातीत कारकुनी मिळाली, आधी बुडापेस्टला. १९०४ मध्ये त्याला फ्यूमे बंदरात कॉन्सुलर एजंट म्हणून नेमलं. वय अवघं एकवीस. हे फ्यूमे म्हणजे आजचं क्रोएशियातलं रियेका.

त्या काळी पूर्व युरोपातून हजारो गरीब लोक जहाजात बसून अमेरिकेला निघायचे. घरदार विकून तिकीट काढायचे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर पोचले की तिथे त्यांची डॉक्टरी तपासणी व्हायची. डोळ्यात खुपरी सापडली, दुसरा एखादा संसर्गजन्य आजार सापडला, की आल्या पावली परत. कधी आईला आत घेतलं आणि मुलाला परत पाठवलं, असंही व्हायचं.

नियमाप्रमाणे जहाजावरच्या लोकांचं आरोग्य ठीक आहे, असा दाखला वकिलातीने द्यायचा असे. बाकीचे अधिकारी फी घेऊन सही ठोकायचे. या पोराने विचारलं, की मी माणसं पाहिलीच नाहीत तर सही कशी करू?

त्याने प्रवाशांची तपासणी बंदरावरच सुरू केली. जहाज कंपन्या खवळल्या. वरपर्यंत तक्रारी गेल्या. पण दाखल्याशिवाय जहाज हलणार नाही, यावर तो ठाम राहिला. फायदा असा झाला, की ज्याला अमेरिकेत प्रवेश मिळणार नाही त्याला ते निघण्याआधीच कळायला लागलं. फ्यूमेहून गेलेल्या लोकांपैकी परत पाठवले जाणारे कमी झाले.

एकदा साम्राज्याच्या राजघराण्यातल्या एका बाईंना हे लोक जहाजात चढताना बघायचे होते. त्यांच्या सोयीसाठी प्रवाशांना आधीच चढवा, असा निरोप आला. म्हणजे जहाज सुटेपर्यंत त्या गरिबांनी तळाच्या कोंदट जागेत ताटकळत बसायचं. ला ग्वार्डियांनी साफ नकार दिला. राजघराणं असो नाहीतर कुणी, वेळ ठरलेली आहे.

वरिष्ठांशी असं वाजल्यावर बढती मिळणार नव्हतीच. १९०६ मध्ये नोकरी सोडून ते न्यूयॉर्कला परतले. आई आणि जेम्मा मात्र युरोपातच राहिल्या. जेम्माने पुढे बुडापेस्टच्या हेर्मान ग्लुक या ज्यू गृहस्थांशी लग्न केलं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं नागरिकत्व जायचं. जेम्माचंही गेलं. तेव्हा त्याने फारसा फरक पडला नसेल. पण पडणार होता.

दिवसा दुभाषा, रात्री वकिलीचा विद्यार्थी

१९०७ पासून तीन वर्षं ला ग्वार्डिया एलिस बेटावर दुभाष्याचं काम करत होते. इटालियन, जर्मन, क्रोएशियन या भाषा ते बोलायचे. यिडिशही यायची. फ्यूमेला जी माणसं जहाजात चढताना पाहिली होती, तशीच माणसं आता उतरताना दिसत होती. दिवसभर त्यांचं म्हणणं साहेबांना समजावून सांगायचं आणि संध्याकाळी न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचे वर्ग. १९१० मध्ये ते वकील झाले.

अशिलं कोण? तर हीच माणसं. हद्दपारीची नोटीस आलेले, मजुरी बुडालेले, पोलिसांनी उचललेले. अनेकांकडून ते फी घेत नसत. १९१२ च्या अखेरीस शहरातल्या शिवणकामगारांनी मोठा संप केला, तेव्हा अटक झालेल्या कामगारांसाठी ते कोर्टात उभे राहिले.

यातूनच राजकारण. १९१६ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाकडून संसदेवर निवडून आले. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ला ग्वार्डियांनी युद्धाच्या आणि सक्तीच्या लष्करभरतीच्या बाजूने मत दिलं आणि मग स्वतःच सैन्यात भरती झाले. दुसऱ्यांच्या पोरांना पाठवायचं आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना पटलं नसतं. इटलीच्या आघाडीवर त्यांनी बाँबफेकी विमानांतून कामगिरी केली आणि मेजर होऊन परतले.

१९१९ मध्ये त्यांनी ट्रिएस्टच्याच थेआशी लग्न केलं. एक मुलगी झाली. पण १९२१ या एकाच वर्षात आधी मुलगी आणि मग थेआ, दोघीही क्षयाने गेल्या. क्षय हा त्या काळी न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या, कोंदट चाळवजा इमारतींचा आजार होता.

काही काळ ते पार कोलमडले. मग पुन्हा उभे राहिले. १९२२ ची संसदेची निवडणूक त्यांनी ईस्ट हार्लेममधून लढवली. विरोधी उमेदवाराच्या बाजूने पत्रकं वाटली गेली, की ला ग्वार्डिया ज्यूंचा द्वेष करतो. आता आपली आईच ज्यू आहे, एवढं सांगितलं असतं तरी विषय संपला असता. पण आईचं नाव मतांसाठी वापरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. उलट त्यांनी त्या ज्यू उमेदवाराला जाहीर आव्हान दिलं, की आपण दोघं वादविवाद करू, पण तो फक्त यिडिश भाषेत. समोरच्याला यिडिश येतच नव्हती. ला ग्वार्डिया थोडक्या मतांनी निवडून आले.

संसदेत ते कायम प्रवाहाविरुद्ध. १९२४ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या कोट्याने आवळणारा कायदा आला, तेव्हा ते त्याच्या विरोधात बोलले. १९३२ चा नॉरिस-ला ग्वार्डिया कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या कायद्यामुळे युनियनमध्ये जाणार नाही असं कामगाराकडून लिहून घेण्याला अर्थ उरला नाही, आणि कोर्टाचा मनाई हुकूम आणून संप मोडणंही अवघड झालं.

टॅमनी हॉलची सद्दी

आता महापौरपदाकडे येऊ. आपल्याकडे मुंबईचे महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची खरी सूत्रं आयुक्तांकडे असतात. न्यूयॉर्कचं तसं नाही. तिथे महापौर थेट लोक निवडतात. पोलीस, अग्निशमन, उद्यानं, सगळ्या खात्यांचे प्रमुख तोच नेमतो. त्यामुळे खुर्चीवर कोण, याने शहराचं नशीब बदलतं.

ही खुर्ची बरीच वर्षं टॅमनी हॉलच्या ताब्यात होती. टॅमनी हॉल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्कमधली यंत्रणा. तुम्ही मत द्या, आम्ही नोकरी देऊ, थंडीत कोळसा देऊ, पोराला पोलिसांनी पकडलं तर सोडवू. बदल्यात पालिकेची कंत्राटं आणि पदं आपल्याच माणसांना.

१९२९ मध्ये ला ग्वार्डियांनी टॅमनीचे लाडके महापौर जिमी वॉकर यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली आणि जवळपास ५ लाख मतांनी आपटले. पण नंतर सॅम्युअल सीबरी या निवृत्त न्यायाधीशांनी केलेल्या चौकशीत पालिकेतला पैशांचा खेळ उघडा पडला. १ सप्टेंबर १९३२ ला वॉकर राजीनामा देऊन युरोपला निघून गेले.

१९३३ मध्ये टॅमनीविरोधी सगळे एकत्र आले आणि ला ग्वार्डिया तिरंगी लढतीत सुमारे ४० टक्के मतं घेऊन जिंकले. १ जानेवारी १९३४ च्या मध्यरात्री, सीबरींच्याच घरी त्यांनी शपथ घेतली.

हाती आलं ते महामंदीने कंबरडं मोडलेलं शहर. तिजोरीत खडखडाट. बँका कर्ज द्यायला तयार नाहीत. लाखो बेकार.

बारा वर्षांत काय केलं?

पहिलं म्हणजे, पैसा आणला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट डेमोक्रॅट, हे रिपब्लिकन. तरी दोघांचं जमलं. मंदीतून सावरण्यासाठी केंद्राने रोजगाराच्या योजना काढल्या होत्या. ला ग्वार्डिया आराखडे तयार ठेवून वॉशिंग्टनला धडकायचे आणि निधीचा मोठा वाटा घेऊन यायचे. त्यातून १९३६ मध्ये ट्रायबरो पूल झाला. जलतरण तलाव, बागा, शाळा, रस्ते झाले आणि विमानतळही झाला. यातली बरीच बांधकामं त्यांचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी उभी केली.

दुसरं, घरं. १९३४ मध्ये शहराचं गृहनिर्माण प्राधिकरण सुरू झालं. १९३५ च्या डिसेंबरमध्ये लोअर ईस्ट साइडला पहिली वसाहत उघडली. तिचं नावच फर्स्ट हाउसेस. घरं फक्त १२२, पण प्रत्येक घरात उजेड, हवा आणि स्वतःचं न्हाणीघर. बायको आणि मुलगी क्षयाने गमावलेल्या माणसासाठी याचा अर्थ काय असेल, वेगळं सांगायला नको.

तिसरं, नोकरभरती. वशिल्याऐवजी परीक्षेतून भरतीचं प्रमाण त्यांनी वाढवलं. टॅमनीचं खरं बळ नोकऱ्या वाटण्यात होतं. त्यावरच घाव बसला.

आणि चौथं, गुंडांशी उघड पंगा. जप्त केलेली जुगाराची मशिन त्यांनी फोटोग्राफरसमोर हातोड्याने फोडली आणि पाण्यात बुडवली. इटालियन लोकांच्या आवडीच्या आर्टिचोक या भाजीचा बाजार एका माफिया टोळीने मुठीत ठेवला होता. डिसेंबर १९३५ मध्ये महापौर भल्या पहाटे ब्रॉन्क्सच्या मंडईत गेले, तुताऱ्या वाजवायला लावल्या आणि या भाजीच्या विक्रीवरच बंदी जाहीर केली. भाव पडले, टोळीची पकड ढिली झाली आणि तीन दिवसांत बंदी उठली.

लोकांना हा माणूस आपला वाटायचा. आगीच्या ठिकाणी बंबाबरोबर तो हजर. जुलै १९४५ मध्ये वर्तमानपत्रं वाटणाऱ्यांचा संप झाला, तर लहान मुलांची चित्रकथा चुकू नये म्हणून महापौरांनी रेडिओवरून हावभावांसकट ती वाचून दाखवली. ते तीनदा निवडून आले. शहर सुधारायला निघालेला महापौर न्यूयॉर्कमध्ये पुन्हा निवडून येण्याची ती पहिलीच वेळ होती.

जिथे नियम सारखा राहिला नाही

पण हे चित्र इथेच थांबवलं तर ते अर्धवट होईल.

लहानपणीचा तो माकडवाला आठवतो? महापौर झाल्यावर ला ग्वार्डियांनी शहरात रस्त्यावर पेटी वाजवणाऱ्यांचे परवानेच बंद केले. यातले बरेच जण गरीब इटालियन म्हातारे होते. हातगाड्याही रस्त्यावरून हटवल्या. विक्रेत्यांसाठी बंदिस्त मंडया बांधल्या, पण सगळ्यांना तिथे जागा मिळाली नाही.

हार्लेमची गोष्ट याहून गंभीर. १९३५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या या वस्तीत दंगल झाली. महापौरांनी चौकशी समिती नेमली. नोकऱ्यांतला भेदभाव, घरांची दुरवस्था, पोलिसांचा जाच, अशी कारणं समितीने मांडली. तो अहवाल महापौरांनी प्रसिद्धच केला नाही. शेवटी एका कृष्णवर्णीय वर्तमानपत्राने तो छापला. १९४३ मध्ये हार्लेम पुन्हा पेटलं. त्याच वर्षी शहराने स्टायव्हसंट टाउन या प्रचंड वसाहतीचा करार एका विमा कंपनीशी केला. तिथे कृष्णवर्णीयांना घर मिळणार नाही हे माहीत असूनही महापौर मागे हटले नाहीत.

आणि ७ डिसेंबर १९४१. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्याच दिवशी ला ग्वार्डियांनी न्यूयॉर्कमधल्या जपानी नागरिकांना घरातून बाहेर पडायला मनाई केली. पुढे १९४४ मध्ये, छावण्यांतून सुटणाऱ्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना न्यूयॉर्कमध्ये वसवायलाही त्यांनी विरोध केला. स्थलांतरितांचा वकील म्हणून नाव कमावलेला, स्थलांतरितांच्याच पोटी जन्मलेला हा माणूस. वंशावरून माणसं बाजूला काढणाऱ्या कायद्याविरुद्ध तो संसदेत उभा राहिला होता. ती गोष्ट आठवली की हे जास्त खटकतं.

जेम्मा

हिटलर सत्तेवर आल्यापासून ला ग्वार्डिया त्याच्यावर जाहीर तोफा डागत होते. त्यांच्या भाषणावरून जर्मनीने अमेरिकेकडे अधिकृत निषेधही नोंदवला होता. आणि त्यांची बहीण राहत होती बुडापेस्टमध्ये.

मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत घुसल्या. जूनमध्ये जेम्मा आणि तिच्या नवऱ्याला पकडण्यात आलं. ती कुणाची बहीण आहे हे नाझींना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला ओलीस म्हणून जिवंत ठेवण्यात आलं. आधी माउथाउझेन, मग राव्हेन्सब्र्युक ही बायकांची छळछावणी. तेव्हा तिचं वय ६३. नवरा माउथाउझेनमध्ये गेला. मुलगी योलांडा आणि तिचं तान्हं बाळ राव्हेन्सब्र्युकमध्येच, वेगळ्या कोठडीत होते.

१९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा या तिघी-मायलेकी आणि नातू, उद्ध्वस्त बर्लिनमध्ये जिवंत होते. जवळ पैसे नाहीत, कागद नाहीत. जेम्माचा जन्म न्यूयॉर्कचा. पण लग्नामुळे गेलेलं नागरिकत्व आता आडवं आलं. अमेरिकेच्या लेखी ती परदेशी होती.

भाऊ जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहराचा महापौर. वॉशिंग्टनमध्ये त्यांचा एक फोन पुरला असता, असं कुणालाही वाटेल. ला ग्वार्डियांनी बहिणीला पैसे पाठवले. पण व्हिसासाठी खास शब्द टाकायला नकार दिला. तिच्यासारखे लाखो निर्वासित युरोपात अडकलेत, तिला वेगळी वागणूक मागितली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवणार, अशी त्यांची भूमिका होती.

३१ डिसेंबर १९४५ ला ते महापौरपदावरून उतरले. १९४६ मध्ये युद्धग्रस्त देशांना मदत पोचवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या उन्रा या संस्थेचे ते प्रमुख झाले. म्हणजे लाखो निर्वासितांची जबाबदारी आता त्यांच्याच खांद्यावर होती, आणि त्या लाखोंमध्ये त्यांची बहीणही होती. तरी रांग बदलली नाही.

हे बरोबर होतं का? यावर आजही दोन मतं होऊ शकतात. ज्या नियमाने जेम्मा अडकली, तो मुळात बाईवर अन्याय करणारा होता. अशा नियमापुढे मान तुकवण्यात मोठेपणा कसला, असं कुणी म्हणेल. दुसरा म्हणेल, की सत्तेतल्या माणसाने घरच्यांसाठी एकदा दार उघडलं की ते पुन्हा बंद होत नाही, आणि टॅमनी हॉल याच दारातून उभा राहिला होता. एक मात्र नक्की. हार्लेम आणि जपानी नागरिकांच्या बाबतीत त्यांनी सोडलेला नियम बहिणीच्या बाबतीत त्यांनी घट्ट धरला.

जेम्मा, तिची मुलगी आणि नातू अखेर १९४७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला पोचले. बहीणभावाला एकत्र काळ मिळाला तो जेमतेम चार महिन्यांचा. २० सप्टेंबर १९४७ ला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ला ग्वार्डिया गेले. वय ६४. बारा वर्षं न्यूयॉर्कचा कारभार हाकलेल्या माणसाने मागे काय ठेवलं? गहाण पडलेलं घर आणि ८ हजार डॉलरचे रोखे.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी देशातल्या आजवरच्या महापौरांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिलं नाव ला ग्वार्डियांचं आलं.

जेम्माने आपली कहाणी पुस्तकात लिहून ठेवली आणि १९६२ मध्ये ती गेली. अखेरची वर्षं ती क्वीन्समधल्या क्वीन्सब्रिज वसाहतीत राहिली. गरिबांसाठी कमी भाड्याची ही सरकारी घरं तिच्या भावाच्याच कारकिर्दीत बांधली गेली होती.